शेऱ्याचा रकाना

मिशनचा दवाखाना बंद झाला तेव्हा
पुस्तकांची पेटी बैलबंडीतून आली
पिंपळखुट्याच्या आमच्या 'क' वर्ग वाचनालयात.
बाहेरून वाळवी, आत डांबरगोळ्यांचा वास,
पानापानात सरकीचं एखादं पांढरं तूस.
दोनशे अकरा पुस्तकं. मी दाखलनोंद करायला बसलो.

एल्स्पेथ स्कॉटलंडची, नर्स.
गाव तिला एलसपेठबाई म्हणे,
जणू पुण्यात एक पेठ कमी पडली होती.
लॉइस ओहायोची, डॉक्टर. तिची झाली लवीसबाई.
दोघींनी एकोणीस वर्षं एकाच कंदिलाखाली वाचलं
आणि भांडल्या, पेन्सिलीनं.

एकच कादंबरी पेटीत दोनदा आहे.
एक एडिंबरात छापलेली, एक बॉस्टनमध्ये.
बॉस्टनच्या प्रतीत 'कलर' जिथे जिथे येतो
तिथे एल्स्पेथनं गाळलेला यू परत बसवलाय,
तुटलेलं बटण टाचावं तसा.
एडिंबराच्या प्रतीत लॉइसनं तोच यू खोडलाय,
दोन ठिकाणी तर कागदाला भोक पडेपर्यंत.

समासात एल्स्पेथ: हे सगळं आमच्याकडूनच नेलंय.
त्याखाली लॉइस: नेलं. पण वाटेत समुद्र लागला.

मग एका जुन्या गाण्यावरून चार समास भरलेत.
डोंगरातल्या त्या गाण्यातला सरदार
तिकडे गेला आणि रेल्वेत इंजिनावर लागला.
किल्ला मागेच राहिला, घोडाही.
मुलगी मात्र दोन्हीकडे तिसऱ्याच कडव्यात मरते.
तर गाणं कोणाचं?
वाद पुढच्या पुस्तकात चालू.

मी हे पंचफुलाबाईंना सांगितलं. त्या कपाटं पुसत होत्या.
"त्यात काय नवल हाय बाप्पा,
माह्या मायच्या गान्यात पैनगंगा व्हती.
मी इकडं नांदाले आली, त तिची वर्धा झाली.
गानं तेच. पानी दुसरं."
आणि फडकं खिडकीबाहेर झटकलं.

मला मात्र तो यू झोपू देईना.
चौथीत मी निबंधात लिहिलं होतं,
माझ्या बापाचे डोये काये आहेत.
शेवडे गुरुजी नवीनच बदलून आलेले.
प्रत्येक 'य'भोवती लाल गोल काढत गेले
आणि प्रत्येक गोलात एकेक 'ळ' ठेवला,
गोठ्यात विकतचं जनावर बांधावं तसा.
वर्ग हसला नाही,
वर्गाचेही डोये कायेच होते.

मी 'ळ' शिकलो. पुढे कुठे सांडला नाही.
मुलाखतीला तो काचेच्या पेल्यासारखा
दोन्ही हातांत धरून नेला.

म्हणजे तिकडेही, समुद्रापल्याड,
कुणी एक अक्षर गाळून आपल्या घरात ऐसपैस बोलू लागलं होतं
आणि कुणी ते वेचत मागे मागे फिरत होतं.
आणि तरी रात्री कंदील एकच?
हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

दोनशे अकराव्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर तारीख आहे,
लॉइसला बाभळीखाली पुरल्यानंतरच्या फाल्गुनातली.
अक्षर एल्स्पेथचं, जरा थरथरलेलं:
नदीकाठी पळस फुललाय. काय हा रंग.

त्या रंगात यू नाही.

विसरली असेल. वय झालं होतं.

नोंदवहीत भाषेचा रकाना आहे,
तिथे मी दोनशे अकरा वेळा इंग्रजी लिहिलं,
काही ठिकाणी पेन जरा अडलं, तरी लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात शेवटी:
प्रतींत पेन्सिलीच्या खुणा आहेत.
खोडू नयेत.
स्वतःच्या डोयानं पाहिल्या.

तालुक्याचे तपासनीस मार्चमध्ये येतात,
लाल पेन घेऊन.
येवोत.